नुसती चौकशी

आमच्या घरात खरं सांगून कुणाला कुठे न्यायची पद्धत नाही. दात काढायचा असला की "चल, डॉक्टरांना नुसतं दाखवून येऊ." सासरे चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून घराबाहेर पडले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन, डोळ्याला पट्टी बांधून परत आले. 'नुसतं' हा शब्द या घरात कानावर पडला की शहाण्या माणसाने चपला घालून पळ काढावा. माझ्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे मीही यात चांगली तयार झालेय.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून मात्र मोठ्या, म्हणून मी ताई म्हणते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. बाजूच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि शेजारी घामाघूम झालेला कुणीतरी. या नोकरीत त्यांचे केस पिकले, पण विद्यार्थ्यांवर आवाज कधी चढला नाही. तो घरी चढतो. मी त्यांना स्कूटरवर मागे घेतलं की त्यांचा पाय आपला हवेत ब्रेक दाबत असतो आणि प्रत्येक वळणावर मला बोलणी बसतात.

भित्र्या विद्यार्थ्यांसाठी ताईंची एक ठरलेली युक्ती होती. लायसन्सच्या परीक्षेची तारीख घ्यायची, पण विद्यार्थ्याला सांगायची नाही. "आज जरा मोठ्या मैदानावर जाऊ, नुसता सराव." मैदानावर पोचलं की इन्स्पेक्टर गाडीत येऊन बसायचे आणि विद्यार्थ्याला घाबरायला सवडच मिळायची नाही. बहुतेक जण पास व्हायचे आणि उलट ताईंचे आभार मानायचे. ही युक्ती त्यांनी कुठून उचलली हे वेगळं सांगायला नको.

मग लायब्ररीत काम करणाऱ्या एक बाई शिकायला आल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, आरशात तीनतीनदा बघणाऱ्या. छान शिकल्या. ताईंनी त्यांनाही तसंच मैदानावर नेलं. इन्स्पेक्टर शेजारी येऊन बसले आणि बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. ते काही केल्या वर जाईनात. शेवटी दार उघडून त्या उतरल्या आणि चालत घरी निघाल्या. ताई गाडी घेऊन मागे मागे. "अहो, बसा तरी." बाई वळून एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." त्यानंतर त्या शिकायला आल्या नाहीत.

ताईंना ते जिव्हारी लागलं. जेवताना घास हातात धरून बसायच्या. एकदा मी भाजी चिरत होते तर समोर येऊन बसल्या.

"वहिनी, त्यांच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय झालं असेल गं?"

"घाबरल्या, दुसरं काय होणार."

"ते मलाही दिसलं. इतकी वर्षं घाबरलेल्या माणसांशेजारी बसतेय मी, आणि घाबरणं म्हणजे काय तेच मला माहीत नाही. मी फक्त त्याला चकवायला शिकले."

त्या विचारातून उपयोजित मानसशास्त्राची पदवी आली. दूरशिक्षणाची, घरबसल्या. पुस्तकं पोस्टाने येणार, व्याख्यानं फोनवर ऐकायची, महिन्यातून एखादा रविवार अभ्यासकेंद्रात वर्ग, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा. बारावी झालेली असली की पुरे. माझ्या नवऱ्याने ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "संपलं. आता या घरात धड भांडताही येणार नाही. मी ओरडलो की ही म्हणणार, दादा, तुझ्या लहानपणाबद्दल सांग."

"तुझं लहानपण मी पाहिलंय," ताई म्हणाल्या. "त्याला पदवी पुरायची नाही."

ताईंचा उत्साह मात्र बघण्यासारखा होता. दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात गाडीतच वाचायचं, मैदानावर आपला नंबर येईपर्यंत व्याख्यान ऐकायचं, असा सगळा बेत झाला. दुसऱ्या वर्षाला समुपदेशन घ्यायचं की कामाच्या जागेचं मानसशास्त्र, यावर आमचं दोन दिवस बिनसलं. मी म्हटलं, आधी पहिलं वर्ष तरी होऊ द्या. अर्जही त्यांनी स्वतः भरला, फोटोसाठी नवा ड्रेस घालून गेल्या. ईमेलचा तेवढा त्यांना कंटाळा, म्हणून पत्ता माझा दिला.

आणि तिथेच गाडी अडली. केंद्रात मूळ कागद दाखवायला जायचं होतं, त्यासाठी आधी वेळ ठरवायची होती. ते झालं की नोंदणी पक्की. ताई आज ठरवते, उद्या ठरवते करत राहिल्या. कधी डोकं दुखायचं, कधी गाडीचं सर्व्हिसिंग निघायचं. माझ्या फोनवर विद्यापीठाची स्मरणपत्रं येऊन पडत होती. शेवटची तारीख दारात येऊन उभी राहिली तरी या आपल्या गाडीचं बॉनेट पुसतायत. माझा स्वभाव असा की उकळी यायला वेळ लागत नाही. मी त्यांच्या नावाने शेवटच्या दिवसाची वेळ ठरवून टाकली, कपाटातून त्यांची प्रमाणपत्रं काढून पर्समध्ये घातली आणि सकाळी म्हटलं, "ताई, माझं त्या बाजूला काम आहे. येताना केंद्रात डोकावू. नुसती चौकशी करू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

केंद्र म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पुस्तकांचे गठ्ठे, काचेच्या खिडकीमागे एक क्लार्क. आमच्या पुढच्या दोघांचं झालं आणि क्लार्कने मान वर न करता विचारलं, "उपयोजित मानसशास्त्र, पहिलं वर्ष? तुमचीच अकराची वेळ ना? मूळ कागद द्या."

मी पर्समधून फाइल काढली. ताईंनी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे हात अंगाशी घट्ट झाले. त्या वळल्या आणि बाहेर गेल्या.

"अहो, लवकर या," क्लार्क म्हणाला. "आज एक वाजताच बंद करणार आम्ही. उद्यापासून यंत्रणाच बंद."

ताई गाडीत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. रागावतील म्हणून मी आधीच तोंड सोडलं. मी तुमच्या भल्यासाठी केलं, तुम्ही नुसत्या टाळत होता, वर्ष वाया गेलं असतं, वगैरे. मी आजही म्हणते की त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"झालं बोलून?" ताई म्हणाल्या.

"झालं."

"बारावीच्या प्रत्येक पेपरच्या दिवशी सकाळी मी रडायचे. दादाला आठवत असेल. बाबा म्हणायचे, चल, शाळेपर्यंत नुसतं फिरून येऊ. फाटकापाशी पोचलो की माझ्या हातात पेन द्यायचे आणि मला आत ढकलायचे. मी पास झाले. म्हणून मला वाटायचं, ही पद्धत चांगली." त्या समोरच्या काचेतून बघत होत्या. "पुढे मी कॉलेजला गेले नाही. गाडीची परीक्षा दिली ती हातापायांनी. पेन घेऊन बसायची परीक्षा मी पुन्हा कधी दिली नाही. घरात कुणाच्या हे लक्षातही आलं नाही, वहिनी. मला आवड नाही असंच सगळे धरून चालले."

मला तोपर्यंत वाटत होतं की ताई आळस करतायत. इतकी वर्षं एका छताखाली राहून मला हे माहीत नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"जाऊ या का घरी?" मी विचारलं. "खरंच. पुढच्या वर्षी बघू."

"सकाळी पर्स फुगलेली दिसली तेव्हाच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तरी आले. म्हटलं, रस्त्यात तरी सांगशील."

"मग सांगते आता. आत गेलात तर नोंदणी होईल. पुस्तकं येतील. आणि सहा महिन्यांनी परीक्षा असेल, लेखी, तीन तासांची. पेन तुमचं तुम्हालाच धरावं लागेल."

असं धडधडीत खरं मी या घरात आल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून एक शिकाऊ गाडी रखडत, आचके देत गेली, तिच्याकडेही ताईंचं लक्ष नव्हतं. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते. मग त्यांनी हात पुढे केला.

"फाइल दे. आणि तू इथेच थांब."

मी थांबले. म्हणजे गाडीत थांबायला सांगितलं होतं, मी दरवाजापर्यंत गेले, तेवढं चालतं. काचेतून दिसत होतं. ताई खिडकीसमोर उभ्या होत्या, एकेक कागद सरकवत होत्या. क्लार्क काही विचारत होता. त्या मान हलवत होत्या. एकदा त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचा कठडा धरला. पण मग त्यांनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि वाकून सही केली. मागच्या माणसाने घाई केली तरी त्यांनी ती सावकाशच केली.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, आणि तोंडावर हसू होतं. शिक्का मारलेली पावती त्यांनी मला दाखवली आणि पुन्हा स्वतःकडे घेतली.

"झालं?"

"झालं. परीक्षेचं केंद्रही इथलंच घेतलं." त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत न बसता माझ्याकडे वळल्या. "हे बघ, आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी तुझी धावपळ नको. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी रडेन. खूप रडेन. कुणी मला फिरायला वगैरे न्यायचं नाही. रडून झालं की मी तोंड धुवेन आणि परीक्षेला जाईन."