तळ्याकाठचा सातवा महिना

तंबूत राहायची ज्यांना हौस आहे, त्यांनी एकदा तंबूशेजारी ओल्या लाकडांवर चूल पेटवून दाखवावी, मग बोलू. जंगलातल्या तळ्याकाठची शांतता, पाण्यावरचं धुकं असलं काही कुणी माझ्यासमोर वर्णन करू लागलं की मी पदर तोंडाला लावते. हसू येतं, आणि म्हातारीनं मोठ्यानं हसलेलं लोकांना चालत नाही. शांतता म्हणे! पहाटेपासून पाणकोंबड्यांचा गलका, दिवसभर माकडं, दिवेलागणीला कोल्हे. सकाळचं पाणी, सरपण आणि पीठ यातलं ज्याला काहीच बघावं लागत नाही, त्यालाच ती शांतता ऐकू येते.

आमचे हे जंगलखात्यात होते. राज्य निजामाचं, नेमणूक हिंगोलीला. थंडी पडली की दौरा निघायचा आणि साखरा गावाच्या उत्तरेला, वऱ्हाडच्या हद्दीकडे जे सागाचं रान होतं, तिथल्या तळ्यांच्या काठी मुक्काम पडायचा. जवळच्या गावात चावडी होती. चावडीला भिंती होत्या, वर कौलं होती. पण ह्यांचे मोठे साहेब परभणीहून दौऱ्यावर आले की तंबूतच राहायचे, म्हणून ह्यांनाही तंबू पाहिजे. साहेबांच्या तंबूत गालिचा असे, आरामखुर्ची असे, स्वयंपाकाला निराळा तंबू आणि निराळा बावर्ची असे. आमच्याकडे एक विटकी राहुटी होती, तिला उंदरांनी पाडलेली भोकं होती, आणि बावर्ची म्हणजे मी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं ह्यांना कुणी लहानपणी सांगितलंच नसावं.

रोज सकाळी हे राहुटीबाहेर खुर्ची टाकून तळ्याकडे तोंड करून बसत. हातात चहाचा पेला. ‘बघ, कसं आरशासारखं पाणी आहे,’ म्हणत. त्याच आरशातलं पाणी मी चार पदरी फडक्यातून गाळून घेई आणि फडक्यावर जे उरे ते ह्यांना दाखवत नसे. दवानं राहुटीचं कापड रात्रभर भिजायचं आणि उजाडलं की आत ठिबकायचं. पाठ टेकायला भिंत नाही. पोटुशा बाईला भिंत लागते हो! जमिनीवरून उठताना हात कशाला लावायचा? मी राहुटीच्या मधल्या खांबाला धरून उठायची, तेव्हा सगळी राहुटी हलायची आणि बाहेरून ह्यांचा आवाज यायचा, ‘हळू!’

होय, मला सातवा महिना होता. पहिलटकरीण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. ‘तुला हिंगोलीत एकटी कशी ठेवू?’ म्हणून ह्यांनी मला दौऱ्यावर आणलं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की साहेबांची बेगम दौऱ्यावर असे; मग ह्यांचीही बायको असायला नको का?

आता आमच्याकडची रीत सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर हट्ट्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि आठव्या महिन्यात बाईनं प्रवास करायचा नाही. गाडीत बसायचं नाही, ओढा ओलांडायचा नाही, वेस ओलांडायची नाही. मग जायचं तर सातव्यात, नाहीतर नवव्यात. नवव्यात त्या जंगलातल्या गाडीवाटेनं निघाले असते तर हिंगोली यायच्या आतच मी कुठल्यातरी बाभळीखाली बाळंत झाले असते. म्हणजे सातवाच. सातवा हुकला की मी ह्या माणसाच्या स्वाधीन, ज्याला कोमट पाणी आणि उकळलेलं पाणी यातला फरक बोट घातल्याशिवाय कळत नसे. मला भीती वाटत होती. साधीसुधी नाही, घास गिळवत नसे इतकी. आमच्या हट्ट्याच्या आळीतली माझ्या बरोबरीची एक पोरगी त्याच पावसाळ्यात पहिल्या खेपेला गेली होती. मला आई पाहिजे होती, बाकी काही नको होतं.

आणि इथंच आमच्या ह्यांच्या हुशारीनं घोळ घातला. आम्ही बायका महिने मोजायचो ते अमावास्येला धरून. माझ्या हिशेबानं मार्गशीर्षाची अमावास्या झाली की आठवा लागत होता. पण सरकारी कचेऱ्यांत महिने चालत ते फसली. आजूर, दै, बहमन अशी त्यांची नावं. ते आपले चंद्राकडे ढुंकूनही बघत नसत. ह्यांनी माझ्या पोटातलं लेकरूही कचेरीच्या महिन्यांनी मोजलं. तेही कधीपासून? तर मी ह्यांना बातमी सांगितली त्या महिन्यापासून! जसं काही ह्यांच्या कानावर घातल्याशिवाय गर्भ राहिलाच नव्हता.

‘बहमन सरेपर्यंत सातवाच आहे,’ हे म्हणाले. ‘बराबर हिशेब केलाय मी.’

‘लेकराला बहमन कळतो का?’ मी विचारलं.

‘मला कळतो ना,’ म्हणाले, आणि पुन्हा तळ्याकडे बघत बसले.

आईनं मात्र बराबर ध्यानात ठेवलं होतं. अमावास्येला चार दिवस असताना माझा मोठा भाऊ मला न्यायला आला. मुराळी म्हणून आलेला भाऊ पाहून मी रडायलाच लागले. तो हिंगोलीपर्यंत रेल्वेनं आला होता, तिथून ओळखीच्या एकाचा छकडा आणि बैल घेऊन स्वतः हाकत जंगलात पोचला होता. अंगावर धूळ, डोळे लाल. राहुटीकडे त्यानं एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘काहून गं, गावात जागा न्हाई का?’ तो म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून, ‘दाजी, उद्या पहाटेच निघतो आमी. आईनं बजावलंय, आठवा लागायच्या आत घेऊन ये म्हणून.’

‘इतकी काय घाई? साहेब येऊन राहिलेत परवा,’ हे म्हणाले. ‘बेगमसाहेबा बी संगं हायेत. त्यांच्यासमोर हिचं डोहाळजेवण करायचं ठरलंय. नावेतलं.’

‘नावेतलं?’ भाऊ म्हणाला.

‘तळं आहे, नाव आहे. मग? साहेबांना शब्द दिलाय मी.’

आमच्याकडे डोहाळजेवणं होतात ती चांदण्यातली, बागेतली, नावेतली. हौस असते, ज्याच्या घरी चार बायका असतात त्यानं ती करावी. इथं ओवाळायला एक बाई नाही, ओटी भरायला एक बाई नाही, आणि हे चालले नाव शोधायला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी भावाकडे बघितलं की तो आता दोन शब्द सुनावेल. पण बहिणीच्या नवऱ्यापुढे आमच्या घरातल्या पुरुषांची जीभ टाळ्याला चिकटते. ‘बरं, परवा तर परवा,’ म्हणाला आणि बैल सोडले.

परवा साहेब आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. कनेरगाव नाक्याकडे म्हणे हद्दीवर चोरीचा साग पकडला होता, तिकडे अडकले. माझा भाऊ दिवसभर बैलांना तळ्यावर न्यायचा, आणायचा, पुन्हा न्यायचा. हे कुठूनतरी एक डोंगा घेऊन आले. नाव कसली, भोयाचा जुना डोंगा, बुडाशी डांबर फासलेला. त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. मी माळांकडे पाहिलंच नाही. मी चंद्रकोर शोधत होते पहाटेच्या आभाळात, आणि ती नखाएवढी उरली होती.

साहेब आले ते नेमके अमावास्येच्या दिवशी. दुपारी बेगमसाहेबांचा मेणा उतरला. सगळीकडून कनाती लागल्या, पडदा झाला, आणि हुकूम सुटला की तळ्याच्या या काठावर एकही पुरुष दिसता कामा नये. पहारेकरी गेले, डोंगा वल्हवणारा भोई गेला, माझा भाऊ गेला, हेही गेले. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की आता डोंगा चालवणार कोण! हे झाडामागून ओरडून विचारत होते, ‘नाव निघाली का?’ कशी निघणार? मी हिरवी साडी नेसून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून त्या डोंग्यात पाय मुडपून बसले होते, डोंगा काठावरच्या जांभळीला दोरानं बांधलेला होता, आणि बुडातून पाणी येत होतं ते बेगमसाहेबांची दासी टमरेलानं उपसत होती. एकटी ती दासीच काय ती कामाची.

बेगमसाहेबा मात्र भली बाई निघाली, हे कबूल करायला हवं. त्यांनी माझी ओटी भरली, शेवटी हात धरून मला बाहेर काढलं. ‘हमारे में सतवासा करते, सातवें महीने में,’ म्हणाल्या. ‘मगर पानी में कायकू बिठाए तुमकू? ठंड लगती ना.’

मी म्हणाले, ‘साहेब लोगां कू अच्छा लगता करके.’

त्या हसल्या नाहीत. ‘हमारे साहब कू तो मालूमच नहीं,’ म्हणाल्या.

म्हणजे ज्या साहेबांसाठी माझे मोलाचे चार दिवस गेले, त्यांना त्या डोहाळजेवणाचा पत्ताच नव्हता. ह्यांनी शब्द दिला होता तो साहेबांच्या कारकुनाला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं तर व्याह्यानं घोडं धाडलंही नव्हतं, ह्यांनीच दारात आणून बांधलं होतं. मी ओली साडी पिळत राहुटीत बसले आणि खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं गाठोडं बांधून छकड्यापाशी आले. भाऊ तिथंच उकिडवा बसला होता.

‘आता कसं जायचं बाई?’ तो जमिनीकडे बघत म्हणाला. ‘काल अमावास्या झाली. आठवा लागला की.’

‘तेच म्हणतो मी,’ हे मागून म्हणाले, ‘रीत म्हणजे रीत. आता इथंच राहू दे. हवा चांगली आहे.’

काल संध्याकाळपर्यंत सातवा असल्याची खात्री देणारा माणूस एका रात्रीत आमच्या पंचांगाला आला होता! आणि तो माझा भाऊ, ज्यानं चार दिवस बैलांना पाणी दाखवण्यापलीकडे काही केलं नाही, तो मला रीत सांगत होता. एकाला साहेबाची भीती, दुसऱ्याला दाजीची, आणि दोघांचा मिळून आठवा तेवढा माझ्या पोटावर. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्यासमोर आवाज चढवला.

‘आठवा मला लागलाय, बैलांना न्हाई,’ मी भावाला म्हणाले. ‘जुंप.’

‘अगं पण...’

‘जुंप म्हणते ना! तुला जमत नसंल तर खाली उतर, मी हाकते.’

तो खालीच होता, पण कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. हे काहीतरी बोलत होते. मी छकड्यात चढले, पाठीला गाठोडं लावलं आणि समोर बघत राहिले. भावानं बैल जुंपले. वाटेत दोन ओढे लागले. दोन्ही वेळा त्यानं गाडी थांबवून माझ्याकडे बघितलं, दोन्ही वेळा मी ‘चल’ म्हणाले. पुढे हिंगोलीहून रेल्वे. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक मी पोटावर हात दाबून धरत होते आणि मनातल्या मनात त्या दोघांना शिव्या देत होते. शिव्या देताना भीती जरा कमी लागते.

दुसऱ्या दिवशी हट्ट्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आई दारात आली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात खाली घेतला. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आत नेलं, जेवायला वाढलं. मी खाली मान घालून जेवत होते. आता बोलणार, आता बोलणार, असं वाटत होतं. भाऊ उंबऱ्यात उभा होता.

‘आई, म्या न्हाई म्हणत होतो,’ तोच म्हणाला. ‘तूच सांगितलं होतंस, आठव्याच्या आत आण. हिनं ऐकलं न्हाई.’

‘आत आण म्हणले व्हते,’ आई म्हणाली. ‘न्हाई आणता आली तर तिथंच ठिऊन ये, असं म्हणले व्हते का?’

आईनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी नको म्हणत असताना. मग तिथंच माझ्याजवळ बसली.

‘मला न्यायला बी असेच उशिरा आले व्हते,’ ती म्हणाली. ‘आठवा लागला म्हणून सासरीच ठिवलं. मी बी राहिले, मुकाट्यानं. तुझ्या ह्या दादाच्या आधी एक पोरगी झाली व्हती मला. रात्रभर रडली, सकाळी न्हाई राहिली.’

आम्हा दोघांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. भाऊ उंबऱ्यातच खाली बसला.

‘जेव,’ आई मला म्हणाली.