हौगांगमध्ये ऐकलेलं बरोक गाणं

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. ती पुसेपर्यंत माझी धाकटी बहीण मंजू गळ्यात पडलीसुद्धा. "ताई, उद्या तालमीला यायचंस. आणि मध्ये काही बोलायचं नाहीस," हे तिचं पहिलं वाक्य.

मी सांगलीत गाणं शिकवते. मंजू माझ्याबरोबरच शिकली. गळा माझ्यापेक्षा तिचाच चांगला. २०१६ साली ती सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होती आणि काही हौशी मंडळींबरोबर बरोक संगीत (युरोपातलं तीनेकशे वर्षांपूर्वीचं दरबारातलं आणि चर्चमधलं संगीत) गाऊ लागली होती. आपलं गाणं तिनं बाजूला ठेवलं, हे मला खुपत होतं. पण त्या शनिवारच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती, म्हटल्यावर सुट्टी लागताच मी विमानात बसले.

दुसऱ्या दिवशी मंजू आधीच निघून गेली आणि मी वुडलँड्सच्या तिच्या फ्लॅटवरून एकटीच एमआरटीनं (तिथल्या मेट्रोनं) निघाले. गाडी दोनदा बदलायची, दुसऱ्यांदा सेरंगूनला, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. मी मात्र सेरंगूनला स्टेशनाबाहेर पडले ती थेट मॉलमध्येच. चपलांच्या दुकानावरून मी पुन्हा पुन्हा जाताना पाहून तिथल्या बाईंनी माझ्या हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचून सिंगापुरी ढंगात विचारलं, "आंटी, हौगांग? वरती नाही, खाली जायचं लाह!" आणि सरकत्या जिन्यापर्यंत आणून सोडलं.

हौगांगला तालमीच्या छोट्या हॉलमध्ये शिरले आणि उशिराची लाज विसरले. समोर हार्पसिकॉर्ड होता. दिसायला सडपातळ पियानो, पण पट्टी दाबली की आत एक नखी तार छेडते. सतार आणि पेटीचं लग्न लावल्यासारखा आवाज! वाजवणाऱ्या मिसेस लिम, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकेक तार सुरात लावत होत्या.

"इथल्या दमट हवेत सूर टिकत नाही," त्या म्हणाल्या.

"पावसाळ्यात आमचा तानपुराही असाच छळतो," मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले. त्यांनी हसून मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

त्यांच्यासमोरचा कागद पाहून मी चक्रावले. खर्जातली एकच ओळ आणि तिच्याखाली आकडे.

"बाकीचं कुठं लिहिलंय?"

"बाकीचं इथं," त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. कोणते स्वर जोडायचे ते आकडे सांगतात. ते कसे पसरायचे हे वाजवणाऱ्यानं त्या क्षणी ठरवायचं. पाश्चात्त्य संगीतात सगळं लिहिलेलं असतं, असं मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना बेधडक सांगत आले होते.

मग मंजू उभी राहिली. साथीला फक्त चेलो (व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ) आणि हार्पसिकॉर्ड. तिच्या गाण्याचा पहिला भाग, मग दुसरा, आणि पुन्हा पहिला, याला दा कापो (पुन्हा आरंभापासून) म्हणतात. परतताना गाणाऱ्यानं आपल्या मनानं अलंकार घालायचे. मंजूनं परतताना अशा काही ताना घेतल्या की माझा ऊर भरून आला. ती काही विसरली नव्हती!

मिसेस लिमनी हात थांबवले. "सुंदर आहे. पण या गाण्यातल्या बाईला तिचा प्रियकर सोडून गेलाय. ती रडतेय आणि तू धावतेयस."

दुपारी आम्ही हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात) कोपी-ओ (बिनदुधाची गोड कॉफी) घेऊन बसलो. मंजू नुसती कॉफी ढवळत होती.

"ताना काढून टाक ना," मी म्हणाले.

"साधं गायले, तर वाटेल मला काही येतच नाही."

"कोणाला वाटेल?"

"तुला," ती म्हणाली. "म्हणशील, सगळं घालवून बसली."

मी तिचा हात धरून बसले.

शनिवारी हॉल भरला. मंजूनं दुसरा भाग सुरू केला आणि काडकन आवाज झाला. चेलोची आतड्यापासून बनवलेली तार तुटली होती. वादकानं गज खाली घेतला. मिसेस लिम मात्र थांबल्या नाहीत. डाव्या हातानं खर्ज सांभाळत त्यांनी उजवा हात अगदी विरळ केला. एक स्वरगुच्छ, मग शांतता, मग दुसरा. आता पहिला भाग परत येणार होता.

मंजूनं मिसेस लिमकडे पाहिलं आणि ती गायला लागली. एकही तान नाही. पहिल्यांदा सरळ गायलेल्या एका स्वरावर ती या वेळी वरच्या स्वरावरून आली, तिथे रेंगाळली आणि हलकेच उतरली. शेवटच्या शब्दावर आवाज जरासा कापला, बस्स. तेच गाणं होतं, पण मघाची बाई नव्हती. तिला आता कळून चुकलं होतं की तो येणार नाही.

टाळ्या थांबेनात. आत गेले तर मंजू मला बिलगून हसत-रडत होती. "ताई, तार तुटली आणि ठरवलेलं सगळं विसरले गं."

"मंजू, इतकं चांगलं तू कधीच गायली नव्हतीस," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

सांगलीला परतल्यावर पहिल्याच सकाळी रियाजाला बसले. अंतरा संपवून मुखड्यावर यायचं. आजवर हजारदा आले असेन, घरची पायरी चढावी तशी, न पाहता. त्या सकाळी मात्र मी समेच्या आधी क्षणभर थांबले. अंतऱ्यात एवढं काय काय घडून गेल्यावर तोच मुखडा तसाच कसा म्हणायचा? मग मी गायले.