यादीतली दुसरी मी

मागच्या महिन्यात एका रविवारी भर दुपारी शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ उभी होते... आणि रुपालीच्या फोनवर, आसपास कोण आहे त्या यादीत, माझं नाव दोनदा दिसलं.

एक मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर. दुसरी मी रस्त्यावर पुढे कुठेतरी. ट्रक येत होते, जात होते, पायी चालणारं कुणीच नव्हतं.

रुपाली आष्टीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. (तिला विचारूनच हे लिहितेय.) तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी 'सांगावा' नावाचं ॲप केलंय. इंटरनेट नको, टॉवर नको, मधे सर्व्हर नाही. एका फोनमधला निरोप जवळच्या फोनमध्ये जातो, तो फोन एसटीने मंठ्याला गेला की तिथल्या फोनमध्ये... असं करत ज्याचा त्याला पोचतो.

सगळा कोड खुला, कुणीही बघावा, वापरावा. दुसऱ्याच दिवशी तो प्रसिद्ध होणार होता. मी त्यांची मेंटॉर, म्हणजे त्या लिहितात आणि मी चुका काढते.

ॲपच्या पहिल्या पानावर आम्ही एकच वचन दिलं होतं... निरोप ज्याचा त्यालाच. ते खरं आहे ना, एवढंच त्या दुपारी शेवटचं तपासायचं होतं.

"मॅडम, तुम्ही दोन-दोन दिसून राह्यल्या," रुपाली हसली. "एकीला तरी सुट्टी द्या की."

कोडमधला काही बग असेल म्हणून ॲप बंद करून पुन्हा चालू केलं. दुसरी मी तिथेच.

"तुम्ही तर इकडं नेहमीच असता," ती म्हणाली. "कॉलेजला जाता-येता शहागड आलं की तुमचं नाव दिसतं. मला वाटायचं, मॅडमची गाडी पुढं-मागं असंल."

दिवाळीच्या आधीपासून मी शहागडला पाऊल ठेवलं नव्हतं. भर उन्हात अंगावर काटा आला.

"तुझ्याशी कधी बोलली का... ती?" विचारताना माझं मलाच विचित्र वाटलं.

रुपालीचं हसू गेलं. तिने एक जुना निरोप काढून दाखवला. 'घरचे म्हणतात हे फुकटचं काम बंद कर, नोकरी बघ... मॅडम, सोडून देऊ का?' हा निरोप मला कधी मिळालाच नव्हता. पण दोन दिवसांनी दिलेलं उत्तर खाली होतं, माझ्या नावाने.

'सोडू नको. आधी जेवून घे.'

"याच्यामुळंच तर काम सोडलं न्हाई मी," ती हळूच म्हणाली. "परत विषय काढायची लाज वाटली."

ते शब्द माझे नव्हते. तरी क्षणभर वाटलं, मीच लिहून विसरले असेन... स्वतःवरचा भरवसा इतक्या सहज सुटतो, हे मला माहीत नव्हतं.

आम्ही पुढे निघालो. पावलागणिक त्या दुसऱ्या नावापुढचा सिग्नल वाढत होता. एक पट्टी, दोन... पंक्चरचं दुकान मागे पडलं, तीन. चौथी पट्टी भरली तेव्हा समोर चहाची टपरी होती. फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी, चार्जरला लावलेला माझा जुना फोन. तोच कोपऱ्यातला तडा.

मग लख्ख आठवलं. एसटी थांबते अशा सहा ठिकाणी आम्ही जुने फोन ठेवले होते, येणारे निरोप सांभाळून पुढे द्यायला. 'देण्याआधी फोन पूर्ण पुसा', हे मुलींना मीच दहादा बजावलं होतं. माझ्या फोनमधून मात्र मी नुसतं सिम काढलं आणि काम झालं असं समजले. आमचं ॲप सिम बघतच नाही. ते माणसाला फोनमध्ये साठवलेल्या ओळखीवरून ओळखतं, आणि माझी ओळख आत तशीच होती. निरोप इथे पोचला की ॲपच्या मते तो मला मिळाला.

टपरीच्या कौसाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "पोरीचा निरोप आल्ता. दोन दिस वाट पाह्यली, कोणीच बोलंना. लेकराला झोप लागली नसंल... मंग म्याच लिवलं. चुकलं का बाई?"

"तुमचं न्हाई," माझ्याआधी रुपालीच बोलली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही काय लिहिलं असतं, मॅडम?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण बोलले नाही. "घरच्यांशी बोलून तूच ठरव... असं काहीतरी," मी म्हणाले.

कौसाबाईंनी चहा पुढे केला. तो संपवून रुपाली म्हणाली, "उद्या ॲप न्हाई बाहेर काढायचं. पहिले हे बराबर करू."

खुल्या प्रकल्पात चुका सगळ्यांना दिसतील अशा लिहून ठेवायच्या असतात. आमच्या चुकांच्या यादीतली पहिली नोंद मी त्याच बाकड्यावर बसून, माझ्या नावाने केली... मेंटॉरने फोन न पुसता दिला. रुपालीने फोन हातातून घेतला आणि एक शब्द वाढवला, 'स्वतःचा'.

आठ दिवसांनी सांगावा प्रसिद्ध झाला. आता एकच ओळख दोन फोनवर दिसली की ॲप आधी इशारा देतं. कौसाबाई ॲपच्या यादीत आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावाने.

काल त्यांचा निरोप आला, तीन फोन ओलांडून. 'बाई जेवल्या का?' मी रुपालीला वर्षभरात पाठवलेले निरोप चाळले. सगळे कोडबद्दल. हा प्रश्न एकदाही नव्हता... कौसाबाई, माझ्या जागी तुम्ही होतात, हे त्या पोरीचं नशीब. आणि माझंही.

मग रुपालीला लिहिलं, 'जेवलीस का?'

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. 'कोण बोलून राह्यलंय?'