आवाज तोंडाने काढून दाखवा

गॅरेजात गाडी आली की मिस्त्री आधी तिला हात लावत नसे. चिंध्यांनी बोटं पुसत बाहेर यायचा, मालकासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आवाज तोंडाने काढून दाखवा."

माणसं लाजायची. एकदा न्यायाधीशसाहेबांनी भर रस्त्यात उभं राहून "कुईं" केलं होतं, आणि समोरच्या बेकरीतली गिऱ्हाइकं पाव घ्यायचे सोडून बघत राहिली होती. पण रोज गाडीत बसणाऱ्याच्या कानासारखा दुसरा साक्षीदार नाही, अशी मिस्त्रीची श्रद्धा. ऐकलेला प्रत्येक आवाज तो पुठ्ठ्याच्या वहीत टिपायचा: खर्रखर्र, चुईं, धडड्. आणि पुढे निघालेला दोष. बायको म्हणायची, "लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझी कुरकुर काही यांच्या वहीत चढली नाही."

त्या मंगळवारी सव्वादहाला नर्सबाई आल्या. वय एकाहत्तर, गाडी पंचवीस वर्षांची. अर्ध्या गावाला या बाईंनीच जगात आणलेलं, त्यात मिस्त्री आला आणि त्याच्या दोन्ही मुलीही आल्या. अजूनही दर गुरुवारी त्या टेकडीपलीकडच्या बाळंतिणींना बघायला स्वतः गाडी चालवत जात. आज मात्र गाडी बँकेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने चालवत आणली होती आणि चाव्या त्याच्याच मुठीत होत्या.

"काढा आवाज," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी जराही न लाजता जीभ टाळूला लावली. "टुक. डावीकडे वळताना चाक खड्ड्यात गेलं की. तेही गाडी हळू असली तरच."

"काल मी स्वतः तासभर चालवली," मुलगा म्हणाला. "काही नाही. आईचे कान वाजतात. मिस्त्री, तुम्ही एकदा बघा. काही निघालं नाही तर आजपासून तिचं गाडी चालवणं बंद. असं ठरलंय आमचं."

"तू ठरवलंयस," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

मिस्त्रीने वहीत 'टुक' लिहिलं. नुकतंच तीन गाड्यांचं ऑइल बदललं होतं. त्याच सवयीने त्याने जॅक पुढच्या मधल्या आडव्या दांड्याखाली सरकवला आणि गाडी उचलली. डावीकडे वळताना भार उजवीकडे येतो, म्हणून उजवं चाक वरून-खालून धरून हलवलं. चाकाखाली पहार घालून रेटलं. चाक जागचं हललं नाही.

मुलाने चाव्या खुळखुळवल्या. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मिस्त्रीने पुन्हा पहार घातली. काही नाही. त्याने बाईंकडे पाहिलं. ज्या कानांनी आपल्या जन्माआधी आपले ठोके ऐकले, ते खोटे आहेत असं आपल्याच तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिने वाकून पाहिलं.

"अहो, जॅक कुठे लावलाय?"

"का?"

"काही नाही. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला तुम्ही फोनवर ओरडत होतात ना, 'स्प्रिंग ज्या आर्मवर बसते त्या आर्मखाली जॅक लाव, गाढवा' म्हणून. मला वाटलं ते सगळ्यांनाच लागू असेल."

मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. गाडी मधून उचलली की स्प्रिंग आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, खाली ढकलते आणि त्याच्या टोकाचा सांधा, बॉल जॉइंट, दाबून धरते. मग झिजलेलाही घट्ट वाटतो. गेली वीस वर्षं हेच तो गावभर शिकवत आला होता. त्याने गाडी खाली घेतली, जॅक चाकाजवळ आर्मखाली लावला, चाक वीतभर वर उचललं आणि पहार रेटली.

टुक.

स्टुलावरून बाई हसल्या. "हाच."

"इकडे या," मिस्त्री मुलाला म्हणाला. "सांध्यावर बोट ठेवा. ठेवा, नोटा मोजण्याआधी धुता येतील." त्याने पहार पुन्हा दाबली. मुलाच्या बोटाखाली लोखंड स्पष्ट हललं. रबराची टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी मळ.

"वाटीत गोळा असतो, खुब्याच्या सांध्यासारखा," बाई म्हणाल्या. "वाटी झिजलीय. बाळा, तू गाणी लावून चालवली असशील."

मुलाने चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या. लावलीच होती.

मिस्त्रीला आता हुरूप आला. नटाची पिन काढली, नट सैल केला पण पुरता काढला नाही. नाहीतर दबलेली स्प्रिंग उसळून छाताडावर येते. बाजूने हातोड्याचे दोन ठोके, सांधा सुटला. जॅक आर्मखाली तसाच ठेवून त्याने नट काढला, चार बोल्टांवर नवा जॉइंट चढवला, नट आवळला, पिन घालून वाकवली. मग डावीकडचाही बदलला. "एका पायात बूट आणि एकात चप्पल नको." शेवटी चाकांची सरळ रेघ मोजून दोन्हीकडे ग्रीस भरलं.

दोन वाजले. वहीत 'टुक'पुढे त्याने लिहिलं, 'उजवा खालचा बॉल जॉइंट. आधी जॅक चुकवला, मी.' बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "वही सुधारतेय."

मुलगा आईसमोर उभा राहिला. त्याने मूठ उघडली. बाईंनी चाव्या घेतल्या, चालकाच्या जागी बसल्या, आरसा स्वतःच्या उंचीला आणला. मुलगा शेजारी बसला. बेकरीपुढे डावं वळण होतं आणि तिथेच तो नेहमीचा खड्डा.

"बेल्ट लाव," बाई म्हणाल्या. "आणि वळणापर्यंत एक शब्द बोलू नकोस. मला ऐकायचंय."