साडूभाऊंचं मशीन हलवताना

नात्यात एखादा संगणक दुरुस्त करणारा निघाला, की त्याचे रविवार सार्वजनिक मालमत्ता होतात. कुणाचा प्रिंटर रुसतो, कुणाला पासवर्ड आठवत नाही, आणि जो तो म्हणतो, जरा पाच मिनिटं बघता का. पाच मिनिटांत संपलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही. त्यामुळे थोरल्या मेव्हणीचा, म्हणजे ताईचा, फोन आला आणि "यांचं मशीन मधेच बंद पडतंय" असं ती म्हणाली, तेव्हा मी आधी सुस्कारा सोडला आणि मग पिशवी उचलली.

'यांचं' म्हणजे माझ्या साडूभाऊंचं. त्यांना जन्मापासून दिसत नाही. रुग्णालयातले डॉक्टर तपासणीचे अहवाल तोंडी बोलून ठेवतात. ती रेकॉर्डिंग ऐकून साडूभाऊ घरी बसून टाइप करतात आणि टाइप केलेलं संगणक त्यांना वाचून दाखवतो. त्या संगणकाचा आवाज म्हणजे डब्यात खडे घालून हलवावेत तसा खडखडाट, आणि वेग असा की आपल्याला एक अक्षर कळू नये. त्यांना सगळं कळतं. त्या वेगावरच त्यांची नोकरी उभी होती, कारण अहवाल त्याच दिवशी हवे असतात आणि जो मागे पडतो त्याचं काम दुसऱ्याकडे जातं. ताई त्या आवाजाला सवत म्हणते. "पूर्वी निदान घरभर बडबडायची," ती मला दारातच म्हणाली, "हल्ली हेडफोन लावून दोघांचं कानातल्या कानात चालतं."

तिच्या थट्टेत नेहमीचा जीव नव्हता. मशीन बंद पडलं की तीच रुग्णांचे आधीचे छापील अहवाल वाचून दाखवत होती, औषधांची नावं उच्चारताना जीभ वळत नव्हती, आणि एवढं करूनही अहवाल उशिरा जात होते. अर्धं काम रुग्णालयाने आधीच दुसरीकडे वळवलं होतं. उरलेलं अर्धं गेलं की संपलं.

मी मशीन उघडलं. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले, पंखा घरघरतोय. नवा संगणक त्यांनी आणून ठेवलाच होता आणि त्यावर नवी कोरी सिस्टीम होती. तिच्यातला आवाज इतका गोड, की कुणी शेजारी बसून वाचतंय असं वाटावं. मी मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. साडूभाऊंनी तो आवाज ऐकला, वेग थोडा वाढवला, आणि हेडफोन काढून ठेवला. गोड आवाज धावायला लागला की शब्द एकमेकांना चिकटतात, असं ते म्हणाले. त्यांचा खडखड्या चिकटत नाही. पण तो चालतो फक्त जुन्या सिस्टीमवर. म्हणजे आता जुनी सिस्टीम तिच्या परवान्यासकट नव्या संगणकावर न्यायची.

परवाना हलवता येण्याजोगा होता, एवढं नशीब. सिस्टीम त्यांनी वेगळी विकत घेतलेली होती, संगणकाबरोबर आलेली नव्हती. फक्त परवान्याचा लांबलचक क्रमांक हवा होता, आणि तो ज्या स्टिकरवर असतो त्याच्या जागी मशीनच्या बाजूला नुसता डिंकाचा डाग. विचारलं, तर म्हणाले, त्याची कड उठून बोटाला टोचायची, म्हणून एकदा फोनवर बोलता बोलता नखाने खरवडून टाकला. त्यावर काय छापलंय ते बोटांना कसं कळणार? मी कपाळावर हात मारला. तो त्यांना दिसला नाही, पण ऐकू आला असावा, कारण ते ओशाळं हसले.

तो क्रमांक जुन्या मशीनच्या पोटातून काढताना माझ्या नाकी नऊ आले. मशीन पुनःपुन्हा बंद पडत होतं, मी ते पुनःपुन्हा उठवत होतो. शेवटी क्रमांक मिळाला, सगळी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवली, आणि जुनी सिस्टीम नव्या संगणकावर उभी राहिली. राहिली ती एवढंच सांगायला, की हे यंत्र ओळखीचं नाही, परवाना पुन्हा मंजूर करून घ्या.

त्यासाठी कंपनीला फोन करावा लागतो. परवाना साडूभाऊंच्या नावावर, म्हणून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडच्या मुलीने क्रमांक घेतला आणि विचारलं, "ही सिस्टीम सध्या किती संगणकांवर आहे?"

आमच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. एक म्हणायचं. जुनं मशीन बाजूला चालू असलं तरी एकच म्हणायचं आणि मग सावकाश पुसून टाकायचं. विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं.

"दोन," साडूभाऊ म्हणाले. "नव्यावर आहे, आणि जुन्यावरची अजून काढलेली नाही."

ऐकलं तसं लिहायचं, यात ज्याचं आयुष्य गेलं तो दुसरं काय बोलणार? मुलीने नम्रपणे नाही सांगितलं आणि फोन ठेवला. मी वैतागून म्हणालो, हरिश्चंद्र व्हायला आजचाच दिवस सापडला का. ते म्हणाले, दोनच होते ना.

आता आधी जुन्या मशीनवरचा परवाना काढून टाकणं भाग होतं, आणि मला तेच नको होतं. पुन्हा नकार आला असता तर हेही गेलं असतं आणि तेही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यातला प्रकार. मी म्हटलं, एक म्हणा, मी नंतर काढतो. ते ऐकेनात. शेवटी ताई म्हणाली, "काढा. असंही ते जातंच आहे."

परवाना पुसण्याची आज्ञा साडूभाऊंनी जुन्या मशीनवर स्वतः टाइप केली. हेडफोन कानाला होता, त्यामुळे तो आवाज काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी हात थोडा वेळ मशीनवर तसाच ठेवला.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"परवाना काढला, म्हणाली."

दुसऱ्यांदा फोनवर दुसराच कुणीतरी होता. प्रश्न तोच. साडूभाऊंनी "एका" असं सांगितलं, पलीकडून मंजुरीचे आकडे आले, आणि मधे एकदाही न थांबता त्यांनी ते टाइप केले. पडद्यावर मंजूर झाल्याचं मी वाचून दाखवलं. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि पाणी आणते म्हणून आत गेली. आनंद करायला कुणाच्यात त्राण नव्हतं.

आवाजाचा परवाना यूएसबीच्या एका चिमुकल्या किल्लीत होता. ती जुन्यातून काढून नव्याला लावली. हेडफोनची वायर अजून तिकडेच गुंतलेली, म्हणून स्पीकर जोडला. साडूभाऊंनी अर्धवट राहिलेला अहवाल उघडला आणि खडखड्या बोलू लागला. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सूज, असं काहीतरी. मला शब्दन् शब्द कळला.

"वेगाचं सेटिंग तेवढं आलेलं नाही," मी म्हणालो. "थांबा, वाढवून देतो."

"आलंय," ते म्हणाले. "होतं तेवढंच आहे."

आतून पेल्यांचा आवाज येत होता. तिकडे कान देऊन ते हळू आवाजात म्हणाले, "वर्षभर खाली खाली आणतोय. कान साथ देत नाहीत. रुग्णालयाला सांगत होतो, मशीन जुनं झालंय, म्हणून उशीर होतो. हिलाही तेच सांगितलंय."

मी हेडफोनची गुंतलेली वायर सोडवायला घेतली.

"आता मशीन नवं आलं, साडूभाऊ," ते म्हणाले. "आता काय सांगू?"

ताई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, झालं ना एकदाचं. मी हो म्हणालो.