हवालदारांची लढायांची वही

लढाई चालू असताना हवालदार कधी बसले नाहीत. चित्रकारांच्या स्टुडिओत तीन खुर्च्या आणि एक लाकडी पेटी होती. पण रविवारी सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत हा साठी ओलांडलेला माणूस टेबलाच्या कडेनं उभाच असायचा. हातात वही, शिसपेन्सिल, आणि कानावर दुसरी पेन्सिल. मी एकदा म्हणालो, "हवालदार, बसा हो. मातीचे शिपाई आहेत." ते म्हणाले, "ते हुबं हाईत न्हवं सर? मग लिवणाऱ्यानं बसून कसं चालंल?"

अण्णांनी यावर 'वाह' म्हटलं. चित्रकार हसले. मी टेप उचलून अंतर मोजायला लागलो. मला ते वाक्य आवडलं नव्हतं, कारण ते मला सुचलं नव्हतं.

आमचा खेळ माझा होता, हे आधी सांगितलं पाहिजे. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मावळे मांडतात, ते पाहून मला वाटलं, यांना नुसतं उभं का ठेवायचं, लढवू या. शेजारच्या मंगळवार पेठेतल्या चित्रकारांनी साचे करून शाडूचे बोटभर उंचीचे दोनशे शिपाई काढले, निम्मे तांबडे आणि निम्मे निळे रंगवले. एका जुन्या मोठ्या टेबलावर त्यांनी गोणपाटाच्या टेकड्या आणि रंगवलेला ओढा केला. नियम मी लिहिले, पूर्ण बत्तीस पानं. घोडेस्वारानं किती इंच जायचं, बंदुकीचा मारा किती लांब, सापशिडीच्या फाशावर किती पडले की किती माणसं पडायची, सगळं. माझ्याविरुद्ध लढायचे ते अण्णा. त्यांचं लक्ष्मीपुरीत भांड्यांचं दुकान होतं, मूळचे निपाणीकडचे, मनानं उमदे आणि डावपेचात शून्य. दहातल्या नऊ लढाया मी जिंकायचो.

हवालदार चित्रकारांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. पलटणीत ते कारकून होते. बंदुकीपेक्षा टाक जास्त चालवला, असं तेच सांगायचे. एका रविवारी पेपर मागायला खाली आले आणि दारातच थांबले. दोन तास तिथूनच बघत राहिले. लढाई संपल्यावर एवढंच विचारलं, "त्यो टेकडीमागचा निशाणवाला कुटं पडला, कुणी लिवून ठेवलंय का?" कुणीच ठेवलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते वही घेऊन आले.

रविवारी कच्चं टिपण, मंगळवारपर्यंत पक्कं, आणि बुधवारी संध्याकाळी अण्णांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाचन, असा त्यांचा शिरस्ता. पहिलं वाचन आम्ही तिघांनीच ऐकलं. महिन्याभरात शेजारचा घड्याळजी आला, मग त्याचा मेहुणा, मग बोळातल्या दोन मावश्या. लढाई बघायला यातलं कुणीही कधी आलं नाही. लढाईचा वृत्तान्त ऐकायला मात्र दहा-बारा माणसं हंड्या-कळशांच्या मधे दाटीवाटीनं बसायची.

वाचताना ते बोलीत वाचत नसत. तिथं त्यांची भाषा एकदम कडक इस्त्रीची व्हायची. "नऊ वाजून चाळीस मिनिटे. पुलावर अण्णांचे सात शिपाई. पैकी एकाचा उजवा हात नाही. तो गेल्या रविवारी टेबलावरून पडला होता, तरीही आज हजर आहे." खोलीत चमचा वाजत नसे. चित्रकार त्या शिपायाला नवा हात चिकटवणार होते, तर हवालदारांनी अडवलं होतं, "ऱ्हाऊ द्या. जखमी हाय त्यो, नवा न्हाय." मावश्यांना त्या एकहाती शिपायाची इतकी काळजी लागली की बुधवारी आल्या आल्या त्या आधी त्याची चौकशी करायच्या.

आणि माझा विजय? "अकरा वीसला सरांनी टेकडी घेतली." संपलं. मी दोन रात्री कागदावर आखलेली डावी बगल, ओढ्याच्या आडून काढलेले घोडेस्वार, सगळं एका ओळीत. लोक घरी जाताना अण्णांच्या पाठीवर थाप मारायचे. हरणाऱ्याच्या! अण्णाही लाजून म्हणायचे, "आमच्या पोरांनी लई सोसलं बघा." त्यांची पोरं म्हणजे माझ्या नियमांवर चालणारे, माझ्या हिशेबानं पडणारे शाडूचे तुकडे. मी हसून मान हलवायचो आणि सायकलवरून घरी जाईपर्यंत दात आवळलेले असायचे. बायको म्हणायची, "जिंकून आलात ना? मग चेहरा असा का?"

मग तो पूल आला. एका लढाईत अण्णांच्या तुकडीनं पूल धरून ठेवला आणि शेवटी तो मी घेतला. बुधवारी हवालदारांनी वाचलं, "तीन हल्ले परतवले. चौथ्यात पूल पडला." अण्णांचे डोळे भरले. माझा संयम सुटला. मी मोठ्यानं म्हणालो, "थांबा. दोनच हल्ले परतवले, तिसऱ्यात पूल घेतला. वृत्तान्त लिहायचा तर खरा लिहा, कादंबरी नको."

घड्याळजी माझ्याकडे असा बघत होता, जणू मी देवळात चपला घालून आलो. हवालदारांनी पिशवीतून कच्ची वही काढली, पान शोधलं आणि उठून माझ्याजवळ आले. वही माझ्यापुढे धरून एका ओळीवर बोट ठेवलं. इतर कुणाला दिसणार नाही, असे उभे राहिले. तिथं लिहिलं होतं: "दोन. तीन. एक. फासा जमिनीवर गेला, सरांनी उचलून परत टाकला. सहा."

जमिनीवर गेलेला फासा पडेल तसा धरायचा, हा नियम मीच लिहिला होता. त्या दिवशी एक पडलेला, म्हणजे तिसरा हल्लाही फसलेला पाहून मी तो झटकन उचलला होता आणि कुणी पाहिलं नाही असं धरून चाललो होतो.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमीच सांगा. किती लिवू?"

"तीन," मी म्हणालो. "तीनच असतील."

त्यांनी वही मिटली आणि पुढचं वाचायला घेतलं. नंतर कधी त्याचा उल्लेख नाही, नजरेतसुद्धा नाही. तोवर मला त्यांच्या लिहिण्याचा हेवा वाटत होता. त्या दिवसापासून त्यांच्या न लिहिण्याचाही वाटायला लागला. माझ्या हातात कुणाची अशी ओळ असती तर मी वही अशी मिटली नसती.

शहाणा माणूस एवढ्यावर थांबला असता. मी पुढच्याच रविवारी सुचवलं की वृत्तान्त पाळीपाळीनं लिहावा, एकाच माणसावर भार नको. हवालदार लगेच म्हणाले, "बरोबर हाय की. लिवा तुमी." मी आठ पानं लिहिली. बाण दाखवून नकाशे काढले, प्रत्येक चालीमागचा विचार मांडला. बुधवारी वाचलं. मावश्या तिसऱ्या पानावर भाजी निवडायची आहे म्हणून उठल्या. संपल्यावर अण्णा म्हणाले, "चांगलं झालंय," आणि चहा सांगायला बाहेर गेले. हवालदार मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "चूक एक न्हाय." इतकं लागलेलं दुसरं कौतुक मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे बिंदू चौकापर्यंत बरोबर चालत आलो. मी विचारलं, "तुम्ही एवढं कशाला लिहिता? एकेकाचं?" ते थोडं चालल्यावर म्हणाले, "पलटणीत रोज सांजचा सायबाला कागद द्यायचा. किती हजर, किती जखमी, किती गेलं. आकडं. वळखीची पोरं आकड्यात घालायला लागायची. नावाला रकानाच न्हवता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हितं रकानं आपलंच." ते असं बोलून गेल्यावर माझ्यासाठी काही उरायचंच नाही.

पुढे चारेक वर्षांनी त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी अक्षर मोठं झालं, मग ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, मग मुलगी येऊन त्यांना मुरगूडला घेऊन गेली. निघताना त्यांनी सगळ्या वह्या अण्णांना दिल्या. एकोणीस वह्या. मी तिथंच उभा होतो, पिशवी उचलून टांग्यात ठेवायला. खेळ माझा, नियम माझे; वह्या अण्णांना. निरोपाच्या वेळीही माझ्या मनात हेच होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतरचे सात रविवार मी सलग जिंकलो. आठव्या रविवारी अण्णा आले नाहीत. दुकानात गेलो तर म्हणाले, "सर, मजा न्हाय ओ. पडतोय कुनासाठी, कळंना." चित्रकारांनी टेबलावर कॅनव्हास ठेवायला सुरुवात केली. मग कुणी विषय काढला नाही.

मी मुरगूडला गेलो तो दीड वर्षानं. हवालदार घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडीवर बसले होते. पायांच्या आवाजावरून म्हणाले, "सर, व्हय?" अण्णा दर महिन्याला येऊन जातात, हे त्यांच्या मुलीनं चहा देताना सांगितलं, आणि तेही मला टोचलं.

"शेवटची लढाई कशी झाली, सांगा की," ते म्हणाले. "अण्णांनी काय सांगितली न्हाई. हरलो म्हणाले नुसतं."

मी सांगायला लागलो. टेकडी कशी घेतली, घोडेस्वार कुठून काढले. ते मान हलवत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ब्येस. मग माघार घेताना अण्णांच्यातलं मागं कोन ऱ्हायलं?"

मी आठवून पाहिलं. टेबल दिसत होतं, माझी तांबडी रांग दिसत होती, माझा हात दिसत होता. ओढ्याच्या पलीकडे काय होतं ते मला दिसेना. जिंकल्यावर उरलेले निळे शिपाई मी दोन्ही हातांनी गोळा करून पेटीत टाकले होते. किती होते, कोण होते, पाहिलं नव्हतं.

"आठवत नाही, हवालदार," मी म्हणालो. पहिल्यांदाच त्यांच्यापुढे खरं बोललो असेन.

त्यांनी न दिसणारे डोळे माझ्या दिशेला वळवले. "गडबड न्हाय," ते म्हणाले. "बसा निवांत. आठवंल तसं सांगा. मी ऐकतो की." आणि मुलीला हाक मारून म्हणाले, "सरास्नी जेवायला वाढ ग. त्यास्नी वेळ लागंल."