मंगळ दिसला

ज्या सकाळी आपलं यान मंगळापाशी पोचलं, त्या सकाळी मी दिग्रसजवळच्या आमच्या गावच्या शाळेत पोरांना टीव्हीसमोर बसवलं होतं. माझा डबा द्यायला आलेला थोरला भाऊ दारातच उभा राहून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "मले दाखव, कोणता तो." मी नैऋत्येचा तांबूस ठिपका दाखवला. झालं! तेव्हापासून दादा शेताशेतांत सांगत सुटला, "आपलं यान तिथंच फिरून राह्यलं." दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायचा, पण ऐट अशी, जणू ते त्यानंच सोडलं होतं.

मग ते वाईट वर्ष आलं. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. पंपाची नळी वर धरून फवारताना औषध त्याच्याच तोंडावर पडत राहिलं. जीव वाचला, नजर गेली. अंधुक उजेड तेवढा कळायचा. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत थेंब घाला, दाखवायला येत राहा, कदाचित सुधारेल. माय नवस बोलली, पोराची नजर येईस्तोवर रात्रीचं जेवणार नाही. ती वाळत चालली. मला देवाचा इतका राग यायचा की त्याच्यापुढे दिवा लावायलाही हात उचलत नसे.

पुढच्या पावसाळ्यात दादाला धीर द्यायला म्हणून मी बोलून गेले, की यंदा मंगळ जवळ येतोय, चांगला ठसठशीत दिसेल. तो म्हणाला, "मंग तो दिसला की माही नजर आली समज." रोज दिवेलागण झाली की तो अंगणात बाजेवर आग्नेयेकडे तोंड करून बसायचा. चुलीपासून माय विचारायची, "दिसला का रे?"

"नाई माय."

एका संध्याकाळी भाकरी थापतानाच मायला भोवळ आली. मी तिला सावरून भिंतीशी टेकवलं, पाणी पाजलं. बाहेर दादाला सगळं ऐकू गेलं होतं. जरा वेळानं तो मोठ्यानं ओरडला, "माय, दिसला वं! लालभडक हाये. आता तू जेव."

माय रडत रडत देवापुढे गेली. मी अंगणात येऊन वर पाहिलं. आभाळ दुपारपासूनच गच्च भरलेलं होतं.

दादा हळूच म्हणाला, "त्याच बाजूले असते ना?"

"हो दादा, तिकडंच."

त्या रात्री माय पोटभर जेवली. हात धुता धुता म्हणाली, "सोमवारी यवतमाळले जायाचं होतं. आता कायले? नजर तं आली."

"कायले जायाचं," दादा म्हणाला. मी तोंड उघडणार तोच त्यानं चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट दाबून धरला.